हजेरी लागली, पण हजर कोण होते?



शाळेत पहिल्या आठवड्यातच मूल एक शब्द शिकते : ‘हजर’. बाई नाव पुकारतात, मूल उभे राहून ‘हजर’ म्हणते आणि बाईंच्या वहीत एक खूण होते. पुढे महाविद्यालयात त्याचे ‘प्रेझेंट सर’ होते, नोकरीत कार्ड किंवा अंगठा लावला जातो. पद्धत बदलते, खूण राहते. ही खूण आणि तिच्यामागचा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे आपल्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. पहिल्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणारे विद्यार्थी काही आजचे नाहीत. परंतु कोविडच्या महामारीत या दोन गोष्टींमधले अंतर इतके वाढले की एक प्रश्न टाळता येईनासा झाला. माणूस हजर आहे, असे नेमके केव्हा म्हणायचे?

हा प्रश्न आज का घ्यायचा? त्या वर्षांत ज्यांनी पदवीचे शिक्षण घेतले, ती आपली मुले-मुली आज पंचविशीच्या आसपास आहेत. कोणी नोकरीला लागले, कोणी परदेशी गेले, कोणी विवाहपूर्व मार्गदर्शनासाठी आमच्यासमोर येऊन बसतात. बोलता बोलता एक वाक्य हमखास येते : ‘फादर, आम्ही ऑनलाइन बॅचचे.’ हे वाक्य हसत म्हटले जाते, पण त्या हसण्यात ओशाळेपणा असतो. आपली पदवी जणू कोणी दयेपोटी दिली आहे, असा. काहींना नोकरीच्या मुलाखतीत टोमणाही ऐकावा लागला आहे. हा ओशाळेपणा रास्त आहे का? आणि नसेल, तर त्या काळाने आपल्या सर्वांना काय दाखवले? यावर आज आपण थोडा विचार करू या.

आधी घडलेले आठवू या, कारण आपण फार लवकर विसरतो. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक महामारी म्हटले. त्याच महिन्याच्या मध्याला महाराष्ट्रातील महाविद्यालये बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही, याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परीक्षा घेतल्यावाचून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, असा निकाल २८ ऑगस्ट २०२० रोजी लागला. मुंबई विद्यापीठाच्या त्या परीक्षा ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांच्या झाल्या. उपनगरी गाड्या जून २०२० मध्ये सुरू झाल्या, पण त्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. त्यामुळे वसई-विरारहून मुंबईला शिकायला जाणाऱ्यांना वर्ग तर सोडाच, ग्रंथालयही गाठता येत नव्हते. २०२१ च्या फेब्रुवारीत निम्म्या उपस्थितीने वर्ग उघडण्याची परवानगी मिळाली, तोवर दुसरी लाट आली. शेवटी २० ऑक्टोबर २०२१ पासून महाविद्यालये पुन्हा उघडली. म्हणजे एकोणीस महिने. तीन वर्षांच्या पदवीतला निम्म्याहून अधिक काळ.

या काळात वर्ग कसा होता? प्राध्यापक आपल्या घरातल्या भिंतीसमोर बसून बोलत. समोर साठ-सत्तर काळे चौकोन आणि प्रत्येकात एक नाव. ‘आवाज येतोय का?’ हे तासातले पहिले वाक्य आणि पुष्कळदा विद्यार्थ्यांच्या बाजूने येणारे शेवटचेही. कोणी जॉइन होऊन पुन्हा झोपे. कोणी फोन खिशात ठेवून वाडीत आईवडिलांना मदत करी. कोणी खरोखर कान देऊन ऐके, आणि नेमका मुद्दा येताच रेंज जाई. यंत्राच्या यादीत तिघांचीही हजेरी सारखीच लागे.

त्या काळ्या चौकोनांवर त्या वेळी पुष्कळ टीका झाली. मुले आळशी झाली, कॅमेरा मुद्दाम बंद ठेवतात, असे आपणही घरोघरी म्हटले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु कॅमेरा बंद का, याचे एक उत्तर आळस असले, तरी इतर उत्तरे त्याहून अनेक होती. २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार आपल्या देशात इंटरनेटची सोय असलेली घरे शंभरात चोवीस होती. शहरात बेचाळीस, खेड्यात पंधरा. खेड्यात संगणक तर शंभरातल्या चार-पाच घरांतच होता. या देशात एका महिन्यात सर्व उच्च शिक्षण पडद्यावर गेले. सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीसाठी भावांनी डोंगरावर झोपडी बांधली, कारण रेंज तिथेच मिळत होती, आणि भर पावसात ती तिथे बसून शिकली. ही बातमी आपण वर्तमानपत्रांत वाचली. जवळच्या गोष्टींची मात्र बातमी झाली नाही. एका खोलीत पाच माणसे, दोन भावंडांत एक फोन, आणि दोघांचे तास एकाच वेळी. वडिलांची नोकरी गेलेली, म्हणून रिचार्ज कोणाचा करायचा यावर घरात शब्दाला शब्द लागलेला. मागे भिंतीचा रंग उडालेला, दोरीवर कपडे वाळत घातलेले; ते वर्गातल्या साठ जणांना दिसू नयेत एवढ्यासाठी बंद ठेवलेला कॅमेरा. आणि काही घरांत तर आतल्या खोलीत कोणी धाप लागून पडलेले होते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की हजर राहणे हा केवळ विद्यार्थ्याचा सद्गुण नाही. हजर राहायला जागा लागते, थोडी शांतता लागते, पोटात अन्न लागते. या गोष्टी मूल स्वतः निर्माण करत नाही. त्या त्याला इतरांनी द्याव्या लागतात. कॉलेजच्या इमारतीने हे अंतर इतकी वर्षे झाकून ठेवले होते. एका बाकावर बसल्यावर बंगल्यातला मुलगा आणि चाळीतली मुलगी यांच्यावर एकच पंखा फिरत होता. इमारत बंद झाली आणि प्रत्येक जण आपापल्या घराच्या परिस्थितीसह उघडा पडला. ज्याला आपण गैरहजर म्हटले, त्याला हजर राहण्याची सोय आपण दिली होती का, हे विचारल्यावाचून न्याय होत नाही.

आता थोडे तत्त्वज्ञानाकडे वळू या. शिकण्यासाठी शिक्षक आणि विद्यार्थी एका ठिकाणी असणे खरोखर गरजेचे आहे का? प्रश्न जुना आहे. अथेन्सचा सॉक्रेटिस लिहिलेल्या शब्दांविषयी साशंक होता. ते शब्द चित्रातल्या माणसासारखे जिवंत दिसतात, पण त्यांना काही विचारले तर गप्प राहतात, अशी त्याची तक्रार होती. गंमत अशी की ही तक्रार आपल्याला कळली ती प्लेटोने ती लिहून ठेवली म्हणून! दूर असलेल्या माणसाकडून शिकता येते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस ‘शिक्षक’ या विषयावर एक संवाद लिहिला. त्यात त्यांच्याशी बोलतो तो त्यांचाच मुलगा आदेओदातुस, वय सोळाच्या आसपास, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या मुलाएवढा. बापलेकांची चर्चा अशा निष्कर्षाला येते की शब्द ही केवळ खूण आहे. शिक्षकाचे शब्द बाहेरून कानावर पडतात, पण ते खरे आहे हे कळते ते आत, आणि आत शिकवणारा गुरू एकच, ख्रिस्त. हे मान्य केले, तर शब्द समोरून आले काय किंवा फोनमधून आले काय, फारसा फरक पडू नये.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याच प्रश्नावर थोडे वेगळे उत्तर दिले. त्यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली. बरे होण्याची शक्ती रोग्याच्या शरीरातच असते, तरी वैद्य खरोखर काहीतरी करतो. तो त्या शक्तीला हात देतो. शिक्षकही तसाच. आणि वैद्य रोग्याला पाहतो, नाडी धरतो. थॉमस यांच्या दृष्टीने माणूस म्हणजे शरीरात तात्पुरता राहणारा आत्मा नव्हे. शरीर आणि आत्मा मिळून माणूस होतो. म्हणून शिकणे हेही पूर्ण माणसाचे काम आहे.

या दोघांपैकी कोण बरोबर, हे त्या एकोणीस महिन्यांत आपल्या मुलांनी अनुभवाने तपासले, असे आम्हाला वाटते. इतिहासाचे व्याख्यान, हिशेबाची रीत, संगणकाची भाषा या गोष्टी पडद्यावरून पुष्कळांना चांगल्या समजल्या. न समजलेला भाग पुन्हा ऐकता आला. गाडीच्या गर्दीत जाणारे तीन तास वाचले. नोकरी करून शिकणारे, आजारी, अपंग, तान्हे मूल असलेली आई, यांच्यासाठी ती सोय होती. दूरशिक्षण आपल्याकडे नवेही नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हे काम करत आहे आणि त्याने अनेकांच्या घरात पहिली पदवी आणली आहे. तेव्हा ऑनलाइन म्हणजे खोटे शिक्षण, असे म्हणणे अज्ञानाचे आहे.

परंतु नर्सिंगच्या मुलीला शीर कशी शोधायची हे व्हिडिओत पाहून कळले, हाताला मात्र कळले नाही. विज्ञानाच्या मुलांनी प्रयोग पाहिले, केले नाहीत. त्याहून मोठी उणीव दिसतही नव्हती. वर्गात विद्यार्थ्याच्या कपाळावरची आठी पाहून शिक्षक थांबतात आणि तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगतात. काळ्या चौकोनाला आठी पडत नाही. तास संपल्यावर दारापाशी घुटमळणारा विद्यार्थी ‘सर, एक विचारायचे होते’ असे म्हणतो. लिंक बंद झाली की दारच राहत नाही. कँटीनमध्ये, जिन्यात, गाडीची वाट पाहताना मैत्री होते आणि त्या मैत्रीत शिकवलेले पचते. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या कित्येकांनी आपल्या वर्गमित्रांचे चेहरे दुसऱ्या वर्षी पाहिले.

आपल्याकडे एकलव्याची कथा आहे. गुरूच्या पुतळ्यासमोर तो एकटा शिकला आणि उत्तम शिकला. ती कथा आपण निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतो. पण दुसऱ्या बाजूने पाहा. गुरूची आणि त्याची पुन्हा समोरासमोर भेट झाली ती अंगठा मागण्यासाठी. शिकवताना जवळ कोणी नव्हते, दक्षिणा घेताना मात्र होते. ग्रंथालय बंद, मैदान बंद, प्रयोगशाळा बंद, पण शुल्क पूर्ण, अशी तक्रार त्या काळात अनेक विद्यार्थ्यांची होती. ज्या संस्थेचा चेहरा फक्त पैसे भरताना दिसतो, तिने मुलांच्या अनुपस्थितीबद्दल फार बोलू नये.

आपल्या श्रद्धेच्या जीवनातही हाच प्रश्न त्या काळात उभा राहिला. मंदिर बंद होते, मिस्सा पडद्यावर होती. १६ नोव्हेंबर २०२० रोजी महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली, दुसऱ्या लाटेत बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ एप्रिल २०२० च्या प्रवचनात सावध केले होते की पडद्यावरची उपासना अडचणीच्या काळापुरती आहे. बोगद्यातून जायचे ते बाहेर पडण्यासाठी, त्यात राहण्यासाठी नव्हे, अशा अर्थाचे ते बोलले. याचा अर्थ दूरचा संपर्क तुच्छ आहे असा नव्हे. संत पौल यांची पत्रे ही दुरूनच दिलेली शिकवण होती, काही तर तुरुंगातून. पण त्याच पत्रांत भेटीची तळमळ आहे. थेस्सलनीकाच्या लोकांपासून ताटातूट झाली तेव्हा ते मनाने जवळ होते, तरी तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. स्वतः जाता येईना, तेव्हा त्यांनी तिमथ्याला पाठवले. आणि योहानाच्या दुसऱ्या पत्राचा लेखक शेवटी सांगतो की पुष्कळ लिहायचे आहे, पण शाई-कागदावर नको. समोरासमोर बोलू, म्हणजे आनंद पुरा होईल. पत्राला त्याने खोटे म्हटले नाही, अपुरे म्हटले. ऑनलाइन शिक्षणाबद्दलही हाच शब्द आम्हाला योग्य वाटतो.

आता सर्वांत अवघड भाग, परीक्षेचा. घरी बसून, पर्यवेक्षक नसताना, बहुपर्यायी प्रश्न. ग्रुपवर उत्तरे फिरत होती, हे सर्वांना माहीत आहे. ‘सगळेच करत होते’, असे मुले सांगतात. ज्याने केले नाही त्याला कमी गुण पडले आणि घरच्यांनी शेजारच्या मुलाशी तुलना करून त्यालाच बोल लावला. हा खरा अन्याय, आणि तो अनेकदा आपल्याच घरात झाला.

इथे हजेरीचा प्रश्न आत वळतो. आपण इतरांपुढे हजर असतो की नाही, हे यंत्र थोडेफार सांगू शकते. आपण स्वतःपुढे हजर असतो की नाही, हे कोण सांगणार? द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकवले की सदसद्विवेकबुद्धी म्हणजे माणसाचे अंतरंगातले पवित्र स्थान. तिथे तो देवाबरोबर एकटा असतो. पर्यवेक्षक उठून गेल्यावरही त्या जागी बसून राहणे म्हणजे स्वतःपुढे हजर असणे. ज्यांनी त्या परीक्षेत प्रामाणिकपणे पंचावन्न टक्के मिळवले, त्यांनी आयुष्यभर मान ताठ ठेवावी. ज्यांनी उत्तरे उतरवली, त्यांना आम्ही भीती दाखवणार नाही. फक्त एवढेच सांगू की जे तेव्हा शिकायचे राहिले ते आजही शिकता येते, आणि कामाच्या ठिकाणी रोज नव्याने परीक्षा होतच असते. हिशेबनीसाला हिशेब यायला हवा, परिचारिकेला शीर सापडायला हवी. ती उणीव भरून काढणे हेच त्याचे खरे प्रायश्चित्त.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. ‘ऑनलाइन बॅच’ म्हणून कोणीही ओशाळण्याचे कारण नाही, आणि सर्वांनाच एका मापाने मोजणाऱ्यांनी तर थोडा विचार करावा. डोंगरावर भिजत बसलेली मुलगी पहिल्या बाकावर डुलक्या काढणाऱ्यापेक्षा अधिक हजर होती. वर्षाचा शिक्का पाहून माणसाची किंमत करणे म्हणजे पुन्हा तीच चूक, खुणेलाच माणूस समजण्याची.

सिमोन वेल या फ्रेंच तत्त्वचिंतक बाईंनी १९४२ साली शालेय अभ्यास आणि देवावरील प्रीती यांवर एक निबंध लिहिला. अभ्यासाने माणसाला लक्ष द्यायची सवय लागते आणि तीच सवय पुढे प्रार्थनेला आणि शेजाऱ्याच्या सेवेला उपयोगी पडते, असा त्यांचा विचार. शेजाऱ्यावर प्रेम करणे म्हणजे त्याला ‘तुझे काय चालले आहे, तुला काय सोसावे लागत आहे?’ असे मनापासून विचारता येणे, असे त्या सांगतात. त्या एकोणीस महिन्यांत मुलांना सर्वांनी विचारले : आवाज येतोय का? कॅमेरा का बंद आहे? असाइनमेंट झाली का? तुला काय सोसावे लागत आहे, हे विचारणारे फार थोडे होते. ज्या प्राध्यापकांनी तास संपल्यावर एखाद्या मुलीला फोन करून तेवढे विचारले, त्यांना त्या मुली आजही विसरलेल्या नाहीत. ते प्राध्यापक त्यांच्यासाठी दुरूनही हजर होते.

तेव्हा धर्मग्राम म्हणून आपण काय करावे? आपल्या प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहात अशी दोन-चार घरे असतील जिथे अभ्यासाला कोपरा नाही. परीक्षेच्या दिवसांत आपल्या सभागृहाचा एखादा भाग संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडा ठेवता येईल, आणि निवृत्त शिक्षकांनी पाळीपाळीने तिथे येऊन बसावे. शिकवलेच पाहिजे असे नाही. कोणी अडले, तर विचारता यावे एवढ्यासाठी. येत्या आठवड्यात समूहप्रमुखांनी अशा घरांची माहिती पॅरिश कार्यालयात द्यावी, आणि जे शिक्षक वेळ देऊ शकतील त्यांनी मिस्सानंतर आम्हाला भेटावे.

आणि घरात एक गोष्ट. आपल्या पंचविशीच्या मुलाला किंवा मुलीला एखाद्या संध्याकाळी जवळ बसवून विचारा : त्या दोन वर्षांत तुझे काय चालले होते? तेव्हा आपण सारे धास्तावलेले होतो, विचारायचे राहून गेले. उत्तर लगेच येणार नाही. थोडे थांबा. फोन बाजूला ठेवून थांबा.

प्रभूची कृपा आपणा सर्वांबरोबर असो.

आपले,
धर्मगुरू